खेळण्यातली गाडी, खराखुरा पाऊस

‘मॉडेल रेल्वे’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती वाढदिवसाला मिळणारी, चावी दिली की गोल गोल फिरणारी प्लॅस्टिकची गाडी. फार तर पुण्यातल्या कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम. ते शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं आणि मग दहावी-बारावी-सीईटीच्या धबडग्यात विसरूनही गेलेलं असतं. पण इंग्लंडमध्ये हा प्रकार चांगल्या मोठ्या माणसांचा छंद आहे. घराच्या मागच्या बागेत एक लाकडी शेड असते. कायद्याने ती फावडी आणि गवत कापायचं मशीन ठेवायला असते. प्रत्यक्षात तिच्यात निम्म्या वेळा कोणाचं तरी रेल्वे स्टेशन निघतं!

माझा मामा लेस्टरजवळ राहतो. सिव्हिल इंजिनियर, आता निवृत्त. २०२३ च्या मे-जूनमध्ये मी त्याच्याकडे होतो आणि तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्याच्या शेडमधली रेल्वे भिंतीतून बाहेर काढून बागेत फिरवून परत आत आणली. एकूण पंधरा मीटरचा वळसा. वाचायला किरकोळ वाटेल. पण त्या पंधरा मीटरमध्ये अप्लाइड मेकॅनिक्स, सर्व्हेइंग, बेसिक इलेक्ट्रिकल आणि मटेरियल सायन्स असे चारही विषय मला समोरासमोर भेटले, आणि तेही व्हायव्हाची भीती न घालता! म्हणून हा लेख.

बाहेर जायचंच कशाला?

मामाची गाडी ‘डबल ओ’ मापाची आहे. म्हणजे खऱ्या गाडीच्या १/७६.२ आकाराची, आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. ब्रिटनमध्ये हेच माप सर्वांत जास्त चालतं. शेड आठ फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण २.४ मीटर बाय १.८ मीटर.

आता गणित करा. जुन्या ब्रिटिश एक्स्प्रेसचा एक डबा या मापात साधारण २६५ मिमी. आठ डबे आणि पुढे इंजिन म्हणजे गाडी झाली २.४ मीटर. थोडक्यात, गाडी शेडएवढीच लांब! इंजिन पुढचं वळण घेतं तेव्हा शेवटचा डबा मागच्या वळणातून निघालेला नसतो. कुत्रं स्वतःच्या शेपटीमागे धावतं तसं ते दृश्य दिसतं. मामा गेली कित्येक वर्षं तीनच डबे जोडून समाधान मानत होता. शिवाय त्याचा एक गुडघा बदललेला आहे, त्यामुळे टेबलाखालून वाकून पलीकडे जाणं बंद झालेलं. आता बाहेर लूप झाला नाही, तर पुढे काही वर्षांनी तो करायची ताकद राहणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो तसं बोलला नाही, पण माझं विमानाचं तिकीट निघायच्या आधीच त्याने लाकूड आणून ठेवलं होतं, त्यावरून मी काय ते समजलो.

मामीच्या दोन अटी होत्या. एक, गुलाबाच्या वाफ्यातलं एकही झाड हलणार नाही. दोन, घराचा २३० व्होल्टचा करंट कुठल्याही परिस्थितीत बागेत येणार नाही. दुसरी अट तर आमच्या इलेक्ट्रिकलच्या सरांनी घातली असती तरी एवढी चोख घातली नसती.

निसर्गाला स्केल नसतं

सगळ्या कामाची किल्ली एका वाक्यात आहे आणि ते मामाचं आहे: “आपण गाडी शहात्तर पट लहान केली, पाऊस नाही केला.”

नीट विचार करा. पावसाचा दोन मिलिमीटरचा थेंब त्या गाडीच्या दृष्टीने पंधरा सेंटिमीटरचा आहे, म्हणजे आभाळातून नारळ पडतायत. तीन सेंटिमीटरची गोगलगाय रुळावर बसली तर ती सव्वादोन मीटरची होते. आठ सेंटिमीटरचं वाळकं पान म्हणजे सहा मीटरचा पत्रा. वाळूचा एक मिलिमीटरचा कण म्हणजे साडेसात सेंटिमीटरचा धोंडा.

वाऱ्याचं गणित तर आणखी मजेशीर आहे. लांबी ७६ पट कमी झाली की क्षेत्रफळ ७६ च्या वर्गाने कमी होतं, म्हणजे सुमारे ५,८०० पट. पण वजन घनाने कमी होतं, म्हणजे जवळजवळ ४.४ लाख पट. तेहेतीस टनांचा डबा या हिशेबात पंच्याहत्तर ग्रॅमचा होतो. (विकत मिळणारे डबे याहून थोडे जड करतात, ते याचसाठी.) वारा दाबतो क्षेत्रफळावर आणि डबा जागेवर राहतो वजनावर. म्हणजे वाऱ्याची बाजू ७६ पटीने वरचढ झाली! खऱ्या गाडीला जी झुळूक कळतही नाही, ती मॉडेलचा डबा सरळ उलथवते.

तापमानाचंही तेच. ऊन गाडीला शहात्तराव्या भागाने लागत नाही, पूर्णच लागतं.

तेव्हा शेडमध्ये आपण रेल्वेची प्रतिकृती करतो, पण शेडच्या बाहेर पडल्यावर खरीखुरी रेल्वे बांधावी लागते, फक्त लहान. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पाया

जमिनीवर रूळ टाकायचा विचार पहिल्याच दिवशी बाद झाला. माती, गोगलगायी आणि मामाचा गुडघा, तिन्ही कारणं पुरेशी होती. शेडमधलं टेबल जमिनीपासून ९०० मिमी उंच, म्हणून बाहेरचा मार्गही त्याच उंचीवर खांबांवर घ्यायचा ठरला. ७५ बाय ७५ मिमीचे, किडीपासून दाबाने औषध मुरवलेले सोळा लाकडी खांब, साधारण मीटर-मीटरवर, ४५० मिमी खोल काँक्रीटमध्ये. त्यावर दोन लांब बॅटन आणि त्यावर बाहेरच्या वापराच्या १८ मिमी प्लायची १५० मिमी रुंद पट्टी.

सोळा खांबांचे माथे एका पातळीत कसे आणायचे? मी लेसर लेव्हलची चौकशी करत होतो. मामाने दहा मीटर पारदर्शक नळी काढली, पाणी भरलं, आणि एक टोक माझ्या हातात दिलं. आपल्याकडे बांधकामावर कुठलाही गवंडी वापरतो तीच ही लेव्हलची नळी. मामा तरुणपणी पुण्यात साइटवर असताना एका गवंड्याकडूनच शिकला होता. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी, बास! नळीत हवेचा बुडबुडा नको एवढीच काळजी. दोन तासांत सगळ्या खांबांवर खुणा झाल्या, आणि फरक एक-दोन मिलिमीटरच्या आत.

पातळीचा एवढा आग्रह का? मुंबई-पुणे गाडी बोर घाटात १:३७ चा चढ चढते ती मागे बँकर इंजिनं लावून. मॉडेलचं इंजिन हलकं, त्यामुळे चाकांची पकड बेताची. चढ १:१०० च्या पुढे गेला की आठ डबे ओढताना चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. म्हणून आम्ही मार्ग सपाटच ठेवला.

पण अगदी सपाट पट्टीवर पाणी साचतं. यावर उपाय म्हणून पट्टी आडवी जराशी तिरकी ठेवली, १५० मिमीला दोन मिलिमीटर. रुळांच्या १६.५ मिमी रुंदीत हा फरक जेमतेम ०.२ मिमी येतो, गाडीला कळत नाही, पाण्याला मात्र कळतो. वळणावर उतार आतल्या बाजूला दिला, म्हणजे सुपरएलिव्हेशन फुकटात मिळालं!

प्लायचा खरा शत्रू वरचा पाऊस नसून कडा आहे. पाणी कडेतून थरांमध्ये शिरतं आणि प्लाय फुगतो. म्हणून कडांना रंगाचे तीन हात आणि वरून शेडच्या छपराला वापरतात ते खडीचा थर असलेलं डांबरी फेल्ट. ते कडेवरून वीस मिलिमीटर खाली लोंबत सोडलं, म्हणजे थेंब लाकडाला न चिकटता खाली पडतो. या फेल्टची गंमत अशी की ते राखाडी आणि खरबरीत असल्यामुळे रुळांखाली अगदी खडी टाकल्यासारखं दिसतं.

रुळांना हलायला जागा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. १९ जुलै २०२२ ला ब्रिटनमध्ये इतिहासात प्रथमच पारा ४० च्या वर गेला, लिंकनशायरमधल्या कोनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले. आपल्या विदर्भातले मित्र हसतील, पण तिथले रूळ त्या हिशेबाने टाकलेले नसतात. ब्रिटनमध्ये रूळ २७ अंशाला ताणरहित असतील असे बसवतात. त्या दिवसांत तिकडे ठिकठिकाणी गाड्यांचा वेग कमी करावा लागला.

त्याच दिवशी मामाच्या बागेतही एक प्रयोग फसला. कुंपणाच्या कडेने त्याने चाचणीसाठी पाच मीटर रूळ टाकून पाहिले होते, सांध्यांना फट न ठेवता, दोन्ही टोकं पक्की. दुपारी रुळाने मधले खिळे उपटले आणि तो धनुष्यासारखा बाजूला वाकला.

असं का होतं, ते साध्या पायथागोरसने कळतं. हे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी आत चांदी नाही. तांबं, निकेल आणि जस्त. याचा प्रसरण गुणांक साधारण १६ × १०⁻⁶ प्रति अंश. तापमान ३५ अंशांनी वाढलं तर पाच मीटरचा रूळ २.८ मिमी वाढतो. तुम्ही म्हणाल, २.८ मिमी म्हणजे काय मोठंसं? पण टोकं पक्की आहेत. निम्मा रूळ २५०० मिमीचा होता, तो २५०१.४ चा झाला. आता काटकोन त्रिकोण काढा: कर्ण २५०१.४, पाया २५००. उभी बाजू किती? जवळजवळ ८४ मिमी! लांबीत तीन मिलिमीटरही वाढ नाही, आणि रूळ बाजूला सरकू शकतो आठ सेंटिमीटर. खिळे होते म्हणून तो तेवढा गेला नाही, पण गाडी घसरायला दोन मिलिमीटर पुरतात.

मग खऱ्या रेल्वेवर किलोमीटरच्या किलोमीटर जोडलेले रूळ कसे टिकतात? तिथे त्यांना हलूच देत नाहीत. ६० किलोच्या रुळात एका अंशाला सुमारे १.९ टन एवढा जोर तयार होतो. तीस अंशांना ५७ टन, आणि तोही एकेका रुळात! काँक्रीटचे स्लीपर आणि खडी मिळून हा जोर धरून ठेवतात. आपला मिलिमीटरभर जाडीचा खिळा हे काम करू शकत नाही. म्हणजे पर्याय दोनच: रुळाला गच्च धरा, नाहीतर त्याला हलायला जागा द्या. मॉडेलवाल्याला दुसराच घ्यावा लागतो.

आम्ही रुळाचं तापमान उणे १० ते ५५ अंश धरलं. (उन्हात धातू हवेपेक्षा बराच जास्त तापतो.) रुळाचा एक तुकडा एक यार्डाचा, म्हणजे ९१४ मिमी. ज्या दिवशी रूळ टाकले, तेव्हा त्याचं तापमान होतं २० अंश. म्हणजे अजून ३५ अंश वर जायचं बाकी. ९१४ × १६ × १०⁻⁶ × ३५ = ०.५१ मिमी. तेव्हा प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर फट. आय. सी. इंजिनच्या लॅबमध्ये टॅपेट क्लिअरन्ससाठी वापरतो ते फीलर गेज घेतलं, फटीत घातलं, रूळ टेकवला, गेज काढलं. कडाक्याच्या थंडीत हीच फट वाढून सुमारे ०.९५ मिमी होणार. चाक तेवढ्यावरून सहज जातं. आणि खडखड असा जो आवाज येतो, त्यासाठी मामा वेगळे पैसे द्यायलाही तयार होता!

लाकूड तापमानाने लांबीत फारच कमी वाढतं. म्हणजे खालची पट्टी जागेवर आणि वरचा रूळ पुढेमागे. म्हणून प्रत्येक तुकडा फक्त मध्यावर पक्का केला. टोकांकडे स्लीपरची भोकं लांबट केली आणि स्टेनलेस खिळे माथा टेकेल एवढेच ठोकले. रूळ घसरू शकतो, उचलला जाऊ शकत नाही.

टोकाचं अर्धवर्तुळ ९०० मिमी त्रिज्येचं ठेवलं. शेडमध्ये जागेअभावी ४३८ ची वळणं आहेत. सरळ रुळातून एकदम वळण सुरू झालं की गाडीला धक्का बसतो. खऱ्या मार्गावर म्हणून ट्रान्झिशन कर्व्ह असतो. आम्ही एक पातळ लाकडी पट्टी खुणांवरून वाकवली आणि पेन्सिल फिरवली. लवचीक पट्टी आपोआप हळूहळू वळत जाते. सर्व्हेइंगच्या टर्मवर्कला मी यासाठी दोन पानं कोष्टकं लिहिली होती.

भिंतीतली दोन भोकं

शेडच्या लांब भिंतीत, एकमेकांपासून १.८ मीटरवर, ९० मिमी रुंद आणि १०० मिमी उंच अशी दोन भोकं पाडली. इंजिन जेमतेम साठ मिमी उंच असतं. पण वळणावर डब्याचा मध्य आत आणि टोकं बाहेर झुकतात, म्हणून रुंदीत ढिलाई हवी. भोकाचा उंबरठा बाहेरच्या बाजूला उतरता, वर छोटी पत्र्याची झड. नाहीतर पाऊस रुळावरून चालत आत येतो. आणि दोन्ही भोकांना बिजागरीचं दार, कारण तिथे थंडीत उंदरांना शेड फार आवडते.

दार म्हटलं की ते बंद असताना गाडी त्यावर आदळणार हे आलंच. एक इंजिन दीडशे-दोनशे पौंडांना पडतं. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंचा एक-एक मीटर रूळ प्लॅस्टिकच्या सांध्यांनी वेगळा केला आणि त्याचा पुरवठा दारावरच्या मायक्रोस्विचमधून नेला. दार पूर्ण उघडं असेल तरच त्या मीटरला वीज. मामीला वाफ्यात जाता यावं म्हणून एक तुकडा उचलता येणारा केला आहे, त्यालाही हीच युक्ती. तुकडा जागेवर नसेल तर गाडी आधीच मरते. लक्षात ठेवायला लागत नाही, म्हणून विसरायचा प्रश्नच नाही. ९०० मिमीवरून खाली पडू नये म्हणून पट्टीच्या दोन्ही कडांना बारीक तारेची जाळीही लावली.

वीज

मामीची अट पाळायची म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोलर शेडमध्येच, ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीमागे. बाहेर जाते ती फक्त पंधराएक व्होल्टची डीसीसी. या पद्धतीत रुळांवर वीज कायम असते आणि त्याच विजेतून इंजिनांना आकड्यांत संदेश जातात. प्रत्येक इंजिनात एक डिकोडर असतो, तो आपल्या नंबरचाच संदेश ऐकतो.

पण निकेल सिल्व्हरचा विद्युतरोध तांब्याच्या दहा पटीहून जास्त, आणि ओल्या हवेत फिशप्लेटचा भरवसा नाही. म्हणून पट्टीखालून २.५ चौरस मिमीची तांब्याची जाड वायर फिरवली आणि प्रत्येक तुकड्याला तिथून वेगळी बारीक वायर डाख देऊन जोडली. सर्वांत दूरचा बिंदू साडेसात मीटरवर. जाऊन-येऊन पंधरा मीटर, मीटरला सुमारे ०.००७ ओहम, म्हणजे ०.१ ओहम. तीन अँपिअरला घट ०.३ व्होल्ट. चालतं.

तपासणी एकदम देशी आहे. सर्वांत दूर जाऊन दोन रुळांवर नाणं आडवं टाका. शेडमधला कंट्रोलर ताबडतोब ट्रिप झाला पाहिजे. झाला नाही तर रोध जास्त आहे, आणि शॉर्ट झाल्यावर इंजिनाची चाकं गुपचूप तापत बसतील. आमच्या सतराच्या सतरा तुकड्यांवर ट्रिप झाला.

चालल्यावर

ताशी १०० किलोमीटर हा वेग या मापात सेकंदाला साधारण ३६ सेंटिमीटर होतो. म्हणजे आठ डब्यांची गाडी एका भोकातून बाहेर पडली की दुसऱ्यातून परत यायला सुमारे ४१ सेकंद. या ४१ सेकंदांत मामा काहीच करत नाही. कंट्रोलर हातात धरून दुसऱ्या भोकाकडे बघत उभा असतो. मामी खिडकीतून म्हणाली, “आता बघ, स्टेशनवर मुलाला घ्यायला आल्यासारखा उभा राहील.”

देखभाल आहेच. गाडी सोडण्याआधी ब्रशने पानं झाडायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने रुळांचा माथा पुसायचा. पॉलिशपेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत घाण आणखी बसते. वारा जोराचा असेल तर डबे आत. पाऊस असेल तर गाडी आत, रूळ बाहेर. यात कमीपणा काही नाही. आपली माथेरानची राणी १९०७ पासून चालते, पण पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा तीही बंद ठेवते. ज्यांना पावसातही गाडी हवी, ते मोठ्या ‘जी’ मापाकडे वळतात, ४५ मिमीचे रूळ आणि बॅटरीवर किंवा खऱ्या वाफेवर चालणारं इंजिन. मामाची सगळी गाडी डबल ओची, म्हणून त्याने अवघड रस्ता धरला.

शेवटी एक सुचवतो. मिनी प्रोजेक्टला विषय नाही म्हणून दरवर्षी रडारड असते. हॉस्टेलच्या गच्चीचा लोखंडी कठडा घ्या. पहाटे सहाला आणि दुपारी दोनला त्याचं तापमान मोजा, प्रसरण गुणांक १२ × १०⁻⁶ धरा, आणि तो किती वाढायला हवा ते काढा. मग कोपऱ्यात जाऊन बघा, त्याला वाढायला कोणी जागा ठेवली आहे का. नसेल, तर त्याने कुठेतरी स्वतःच करून घेतलेली असेल. ती भेग शोधणं हाच प्रोजेक्ट.